शिवणयंत्रावर जन्मलेला पतंग

एकोणिसावे शतक संपत आले तेव्हा मोठा पतंग करणे म्हणजे सुतारकामच होते. ऑस्ट्रेलियातल्या स्टॅनवेल पार्कच्या किनाऱ्यावर 12 नोव्हेंबर 1894 रोजी लॉरेन्स हारग्रेव्ह आपल्या चार पेटीपतंगांच्या जोरावर जमिनीपासून सुमारे 16 फूट उचलला गेला. ते पतंग लाकडी चौकटींवर कापड ताणून केलेले होते. टेलिफोनमुळे आपल्याला माहीत असलेल्या अलेक्झांडर ग्रॅहम बेलने 1907 मध्ये तब्बल 3393 चौफलकी खण जोडून ‘सिग्नेट’ उभारला. त्यात झोपून थॉमस सेल्फ्रिज हा लष्करी अधिकारी 168 फुटांवर जाऊन आला. सांगाडा आकार ठरवी आणि कापड त्याला निमूट चिकटून बसे. आपल्या संक्रांतीच्या पतंगाचीही तीच रीत आहे: उभी काडी सरळ, आडवी कमान वाकवलेली, आणि कागद त्या दोघींच्या ताब्यात.

डेल्टा पतंगाने हा कारभार उलटा केला. आज चौपाटीवर किंवा टेकडीवर दिसणारा, लांब पंखांचा, पोटाखाली तिकोनी पडदा लोंबणारा आणि बहुधा शेपटीवाचून उडणारा हा पतंग आकार घेतो तो कापडाच्या बेतण्यातून आणि शिवणीतून. काड्या आहेत, पण मोजक्या, आणि त्यांतल्या काही तर मुद्दाम सैल. ही उलटापालट झाली ती अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, हॅम्प्टन गावच्या एका घरात.

फ्रान्सिस रोगॅलो लँगलीच्या सरकारी विमान-संशोधन केंद्रात अभियंता होता. पॅराशूटसारखे घडी करून नेता येईल आणि तरीही विमानासारखे तरंगेल असे स्वस्त पंख करता येतील का, हा प्रश्न दुसरे महायुद्ध संपता संपता त्याच्या डोक्यात घोळू लागला. वरिष्ठांना त्यात रस नव्हता. मग फ्रान्सिस आणि त्याची पत्नी गर्ट्रूड यांनी फावल्या वेळात घरीच प्रयोग मांडले. मोठा विजेचा पंखा आणून घरगुती वातविवर, म्हणजे वाऱ्याचा बोगदा, तयार झाले. पंखांचे नमुने शिवायचे काम गर्ट्रूडकडे होते. 1948 मध्ये जो नमुना नीट उडाला, त्याचे कापड स्वयंपाकघरातल्या फुलाफुलांच्या पडद्याचे होते.

त्या पंखाला एकही काडी नव्हती. मधल्या रेषेवर आणि कडांना बांधलेल्या दोऱ्या कापडाला खाली ओढत, वारा त्याला वर फुगवी, आणि या ओढाताणीतून शेजारी शेजारी दोन अर्धवट शंकू तयार होत. नोव्हेंबर 1948 मध्ये दोघांनी मिळून पेटंटसाठी अर्ज केला. 20 मार्च 1951 रोजी ‘लवचीक पतंग’ या नावाने पेटंट मिळाले, त्यावर नवरा-बायको दोघांचीही नावे आहेत. पन्नाशीच्या दशकात हाच पतंग मायलरच्या चकचकीत पातळ प्लॅस्टिकमधून कापून खेळणे म्हणून विकला गेला. त्या खेळण्याने दोघे श्रीमंत मात्र झाले नाहीत.

1957 मध्ये स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह आकाशात गेला आणि दुर्लक्षित खेळण्याचे दिवस पालटले. अंतराळवीरांची कुपी समुद्रात आपटण्याऐवजी पंख उघडून तरंगत जमिनीवर उतरवावी, असा विचार सुरू झाला. रोगॅलो दांपत्याने आपले पेटंट सरकारला मोफत वापरू दिले. नासा या अमेरिकी अंतराळ संस्थेच्या जेमिनी मोहिमेसाठी घडी घातलेल्या, हवेत फुगणाऱ्या पंखाच्या चाचण्या झाल्या. कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्स तळावर धातूच्या नळ्या आणि शीड वापरून ‘पॅरेसेव्ह’ हे वैमानिकासह तरंगणारे यान 1962 मध्ये बनले. त्याचे पहिले शीड लिननचे होते. पुढे ते काढून डेक्रॉन या पॉलिस्टर कापडाचे बसवण्यात आले. पंख तरंगत छान, पण भर वेगात घडीतून नीट उघडत नसत. 1964 मध्ये नासाने हा नाद सोडला आणि जेमिनीच्या कुप्या नेहमीच्या गोल पॅराशूटने समुद्रातच उतरल्या.

त्याच सुमारास न्यू साउथ वेल्समधल्या ग्राफ्टनच्या जॉन डिकन्सनने रोगॅलो पंखाचे चित्र पाहिले. केळीचे घड झाकायला वापरतात त्या प्लॅस्टिकचे शीड करून त्याने 1963 मध्ये वेगवान बोटीमागे उडणारा ग्लायडर बांधला. हँग ग्लायडिंगची मोठी शाखा इथून फुटली. पतंगाची धाकटी शाखा अमेरिकेतच वाढली.

पतंग करणाऱ्यांपुढची अडचण वेगळी होती. बिनकाडीच्या पंखाला दोऱ्यांचे जाळे लागते, आणि दहा-बारा दोऱ्यांची लांबी जुळवत मुलांना कोण शिकवणार? म्हणून साठीच्या दशकात काड्या परत आल्या, पण नव्या अटींवर. ह्यूस्टनच्या ‘गेला’ कंपनीने वटवाघळाच्या रूपातले प्लॅस्टिकचे पतंग दुकानादुकानांत पोचवले, तर नँटकेट बेटावर अल हार्टिग कापडी डेल्टा शिवून विकू लागला. या पतंगांत दोऱ्यांचे सगळे जाळे एका तिकोनी पडद्याने हटवले. त्याला कील म्हणतात. आपल्या पतंगाला कण्णी बांधताना जी कसरत करावी लागते ती इथे कापतानाच उरकलेली असते. कीलच्या टोकाला भोक पाडून दोर बांधला की झाले.

दुसरी युक्ती आडव्या काडीची. ती दोन्ही पंखांच्या पुढच्या कडांना अडकवलेली असते, मधल्या कण्याला मात्र बांधलेली नसते. शिवाय ती कापडाच्या सपाट रुंदीपेक्षा थोडी आखूड ठेवतात. त्यामुळे कापडात झोळ राहतो आणि वाऱ्यात रोगॅलोचे ते दोन शंकू पुन्हा उमटतात. झोत आला की दोन्ही पंख मागे झुकतात, समोरून पाहिले तर पसरट इंग्रजी ‘व्ही’ दिसतो, आणि कलंडू पाहणारा पतंग आपोआप सावरतो. कमान वाकवून पक्के केलेले संतुलन इथे गरजेपुरते येते आणि वारा मंदावला की जाते. म्हणूनच अगदी हलक्या वाऱ्यातही डेल्टा वर टिकतो.

कापड मिळाले ते युद्धाकडून. पॅराशूटसाठी दुसऱ्या महायुद्धात आलेल्या रिपस्टॉप नायलॉनमध्ये ठरावीक अंतरावर जाड धागे विणलेले असतात, त्यामुळे फाट एका चौकोनाबाहेर सहज पसरत नाही. पतंगासाठी चौरस मीटरला 40 ग्रॅमच्या आसपास वजनाचे कापड पुरते.

घरी डेल्टा शिवणाऱ्याची खरी परीक्षा बेतताना होते. 90 अंशांचे नाक आणि एक मीटरचा कणा धरला तर पंखांची रुंदी दोन मीटर भरते आणि पुढची प्रत्येक कड सुमारे 141 सेंटिमीटर होते. कापड धाग्याच्या दिशेत ओढले तर फारसे लांबत नाही. उरेबात, म्हणजे धाग्यांना तिरके, ओढले की लगेच सुटते. पुढच्या कडेला काडीचा आधार असतो, मागच्या कडेला कसलाच नसतो. म्हणून धागा मागच्या कडेला समांतर ठेवायचा आणि उरेब काडीच्या वाट्याला द्यायचा. हे उलटे झाले तर मागची कड ढिली पडून फडफडत राहते. डावा आणि उजवा पंख एकाच पुठ्ठ्याच्या नमुन्यावरून कापायचा, कारण दोघांत बोटभर फरक पडला तरी पतंग एकाच बाजूला ओढत राहतो. काचेवर तापलेल्या सोल्डरिंगच्या टोकाने कापले तर नायलॉनची कड वितळून बंद होते आणि धागे सुटत नाहीत.

मग टिपा. निसरड्या कापडाला टाचण्यांनी भोके पडतात, म्हणून अनेक जण दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी लावून मगच यंत्राखाली घालतात. दोन पंखांच्या मध्ये कील धरून मधली शिवण एकदाच घ्यायची. त्याच शिवणीवर कण्याचा नेफा बसतो. पुढच्या कडांनाही नेफे येतात, मात्र त्यांतली काडी पंखाच्या टोकापासून निघून नाकाच्या अलीकडेच थांबते. टाके फार बारीक घेतले तर सुईच्या छिद्रांची रांग फाटायला आयती रेघ आखून देते. लांब टाका आणि पॉलिस्टरचा दोरा बरा. सुरुवातीच्या लाकडी गोल काठ्यांची जागा पुढे फायबरग्लास आणि कार्बनच्या नळ्यांनी घेतली, पण नेफा तोच राहिला.

फ्रान्सिस रोगॅलो 2009 मध्ये, वयाच्या 97व्या वर्षी, उत्तर कॅरोलायनात वारला. राइट बंधूंच्या किटी हॉकजवळच त्याने निवृत्तीनंतर घर केले होते. डेल्टाचे वाण तोवर पुष्कळ फुटले होते. त्यांतला एक, डेल्टा-कोनाइन, जुन्या आणि नव्या घराण्यांच्या सोयरिकीतून आला: शिकागोच्या सायलस कोनाइनने 1902 मध्ये पेटंट घेतलेल्या तिकोनी पेटीपतंगाला त्यात डेल्टाचे पंख शिवले जातात. पेटीमुळे ओढ वाढते, पंखांमुळे तो संथ राहतो, आणि पतंगाच्या दोराला कॅमेरा टांगून वरून छायाचित्रे घेणारे लोक तो आवडीने वापरतात.