बाराशे वॅटचा डबा

२०१०च्या दिवाळीत, पुण्यातल्या पहिल्या नोकरीतून साठवलेल्या पैशांचं होम थिएटर घेऊन मी इचलकरंजीला घरी गेलो. पाच छोटे स्पीकर, एक सबवूफर, पुढे निळा दिवा आणि खोक्यावर तळहाताएवढ्या अक्षरांत ‘१२०० वॅट पीएमपीओ’. साडेचार हजार रुपये. अण्णांना, म्हणजे वडिलांना, तेव्हा कमी ऐकू यायला लागलं होतं. टीव्हीवर सिनेमा लागला की दर दोन मिनिटांनी त्यांचा प्रश्न यायचा, “काय म्हटला त्यो?” आई सांगून सांगून थकली होती. माझा हिशेब सरळ होता, आवाज मोठा केला की प्रश्न मिटला.

अण्णांनी खोकं उघडलं, पण वायरी जोडायच्या आधी सबवूफर उलटा केला आणि मागची पट्टी वाचली. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, ४५ वॅट.

“भितीतनं पंचेचाळीस घेतंय, आन् बाराशे कुठनं देतंय रं?”

मी इंजिनिअरिंगची डिग्री घेतलेला माणूस. मला उत्तर देता आलं नाही.

अण्णा यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते. तीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढली, कान तिथेच गेले. पण संध्याकाळी ते अ‍ॅम्प्लिफायर जोडायचे, ४४४०चे. सान्यो कंपनीची एलए ४४४० ही आयसी, सोबत १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, दोन-चार कपॅसिटर आणि पत्र्याचा डबा. गणपतीत, लग्नात, पानपट्टीवर, सगळीकडे हेच वाजायचं. त्या आयसीची ताकद दोन चॅनलला प्रत्येकी ६ वॅट. (तो ६चा आकडाही १० टक्के डिस्टॉर्शनला मोजलेला आहे. त्याबद्दल पुढे.) सहा वॅटवर गल्ली गाजवलेल्या माणसाला बाराशेचा आकडा पचणं शक्यच नव्हतं.

बाराशे आले कुठून, हे शोधायला मला पुढे बरीच वर्षं लागली. गंमत अशी की एके काळी अ‍ॅम्प्लिफायरची बढाई वॅटमध्ये मारली जात नव्हती. १९४७ साली इंग्लंडच्या ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात डी. टी. एन. विल्यमसन या इंजिनिअरने घरी बनवता येईल अशा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरचा आराखडा छापला. ताकद १५ वॅट. लोक वेडे झाले ते दुसऱ्या आकड्यामुळे, डिस्टॉर्शन फक्त ०.१ टक्के. मूळ आवाजात नसलेलं काहीतरी अ‍ॅम्प्लिफायर स्वतःच्या पदरचं मिसळतो, त्याला डिस्टॉर्शन म्हणायचं. विल्यमसनचा अ‍ॅम्प्लिफायर असं जवळजवळ काही मिसळत नव्हता. जगभरच्या हौशी लोकांनी तो आपापल्या टेबलावर जोडला. अण्णांचे पूर्वजच म्हणा ना.

मग अमेरिकेत हाय-फायचा बाजार तयार झाला आणि दुकानात दोन डबे शेजारी शेजारी ठेवले गेले. गिऱ्हाइकाला डिस्टॉर्शन दिसत नाही, आकडा दिसतो. आकडा फुगवायची पद्धत फार सोपी होती. समजा अ‍ॅम्प्लिफायर एका चॅनलला सलग १० वॅट देतो. त्याचं शिखर, म्हणजे क्षणभराची सर्वांत मोठी ताकद, त्याच्या दुप्पट, २०. चॅनल दोन, म्हणून ४०. एकही तार न बदलता दहाचे चाळीस झाले. त्यावर एखाद्या क्षणापुरता, आवाज फाटत असताना, कपॅसिटरमध्ये साठलेली वीज संपायच्या आत मोजलं तर आणखी वर जाता येतं. ‘म्युझिक पॉवर’, ‘पीक पॉवर’ अशी भारदस्त नावं या आकड्यांना होती.

हे इतकं बोकाळलं की १९७४ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने खास अ‍ॅम्प्लिफायरच्या वॅटसाठी नियम केला. सरकारने बसून वॅट कसा मोजायचा हे ठरवावं, याचं मला अजून कौतुक वाटतं. नियम म्हणाला, वॅट छापायचा तर सलग देता येणारा छापा, प्रत्येक चॅनलचा वेगळा. सोबत सांगा की तो किती ओहमच्या स्पीकरवर, कोणत्या फ्रिक्वेन्सीपासून कोणत्या फ्रिक्वेन्सीपर्यंत आणि जास्तीत जास्त किती डिस्टॉर्शनला. शिवाय मोजायच्या आधी अ‍ॅम्प्लिफायर तासभर एक-तृतीयांश ताकदीवर चालवून तापवायचा. ही अट जाचक होती, कारण त्या काळचे अ‍ॅम्प्लिफायर नेमके त्याच सुमाराला सर्वांत जास्त तापतात. कंपन्यांनी कुरकुर केली. २०००मध्ये ते एक-अष्टमांशावर आणलं गेलं. पण एका फटक्यात जाहिरातीतले वॅट जमिनीवर आले.

आपल्याकडे पोचला तो मात्र पीएमपीओ. नव्वदच्या दशकातले टेप-रेकॉर्डर आठवतात? तुम्ही लहान असाल तर मामाच्या घरी पाहिले असतील. त्यांच्यावरही हेच छापलेलं असायचं. पीक म्युझिक पॉवर आउटपुट. याची व्याख्या कुठल्याही मानकात नाही, मोजायची एक ठरलेली रीत नाही. तो आकडा कंपनीच्या मनावर. अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच होतं. ते बाराशे कुठूनच येत नव्हते.

बरं, खरे वॅट तरी किती लागतात? इथे कान आपल्याला चकवतो. ताकद दुप्पट केली की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे जेमतेम जाणवेल इतका. आवाज दुप्पट मोठा ‘वाटायला’ साधारण दहापट ताकद लागते. म्हणून ५० वॅटचा टाकून १०० वॅटचा घेतला तर खिसा हलका होतो, बाकी फार काही होत नाही. उलट ८५ डेसिबल सेन्सिटिव्हिटीच्या स्पीकरऐवजी ८८चा घेतला तर अ‍ॅम्प्लिफायर फुकटात दुप्पट झाला. दहा बाय बाराच्या खोलीत रोजचा सिनेमा बघताना बहुतेक वेळ स्पीकरला जेमतेम एखादा वॅट जात असतो. उरलेले वॅट दार आपटतं, बंदूक सुटते त्या क्षणांसाठी.

हे ओळखून काढलेला एक स्वस्त डबा इतिहासात प्रसिद्ध आहे, एनएडी ३०२०. १९७८ साल, प्रत्येक चॅनलला फक्त २० वॅट, दिसायला राखाडी आणि कंटाळवाणा. पण ते २० वॅट खरे होते, क्षणभरासाठी त्याहून बरंच जास्त द्यायची तयारी होती आणि अवघड स्पीकरही तो ओढायचा. कॉलेजच्या पोरांनी तो इतका घेतला की महागडे अ‍ॅम्प्लिफायर बनवणाऱ्यांनी हेवा करावा.

आजचे स्वस्त अ‍ॅम्प्लिफायर क्लास डीचे असतात. साखळी सुरू झाली ती साधारण २००५ला ट्रायपाथ कंपनीच्या चिपवर बनलेल्या एका प्लॅस्टिकच्या खेळण्यासारख्या डब्यापासून. त्याचा आवाज ऐकून हाय-फायवाले चक्रावले होते. क्लास डीमध्ये वीज उष्णतेत फार वाया जात नाही, म्हणून तळहाताएवढ्या डब्यात खरे ३०-४० वॅट मावतात. पण जुनी खोड गेलेली नाही. ऑनलाइन पाहा, ‘१०० + १०० वॅट’ लिहिलेलं असतं आणि सोबत १९ व्होल्ट, ३.४२ अँपिअरचा लॅपटॉपसारखा अ‍ॅडॉप्टर. गुणाकार करा, ६५ वॅट. अण्णांची मागची पट्टी इथेही लागू. दुसरं, बारीक अक्षरांत ‘१० टक्के टीएचडी’ शोधा. टीएचडी म्हणजे तेच डिस्टॉर्शन, आणि १० टक्क्यांना आवाज उघड फाटलेला असतो. एक टक्क्याला मोजलं तर तोच आकडा बराच खाली येतो. साउंडबारवाले आणि ब्रँडेड होम थिएटरवालेही हे सर्रास करतात. २०२४मध्ये अमेरिकेच्या त्या नियमात सुधारणा होऊन ८ ओहम, २० ते २०,००० हर्ट्झ आणि १ टक्क्याहून कमी डिस्टॉर्शन अशी सरसकट अट आली. आपल्याकडच्या जाहिराती वाचताना मी हीच पट्टी मनात धरतो.

आमच्या घरच्या डब्याचं काय झालं? दुकानदाराने परत घेतला नाही. दोन वर्षं तो धमधमला आणि अण्णांचा प्रश्न उलट वाढला. कारण खडखडाटाने गेलेला कान आधी वरच्या पट्टीत जातो, ४,००० हर्ट्झच्या आसपास. ‘स’, ‘श’, ‘त’, ‘ट’ तिथे राहतात. स्वर ऐकू येतात, शब्द कळत नाहीत. अशा माणसापुढे मी धमधमणारा सबवूफर आणि फाटलेला आवाज ठेवला होता. अण्णांना हवी होती व्यंजनं आणि मी आणले होते वॅट.

पुढे २०२१ला पुण्याच्या तपकीर गल्लीतून सामान घेतलं. दोन चॅनलचा छोटा क्लास डी अ‍ॅम्प्लिफायर, ८ ओहमला प्रामाणिक २५ वॅट. त्याच्या तिप्पट पैसे दोन बुकशेल्फ स्पीकरांवर घातले. सबवूफर नाही, मागचे स्पीकर नाहीत. टीव्हीच्या ऑप्टिकल आउटपुटमधून जोडणी. स्पीकर टीव्हीच्या दोन बाजूंना, अण्णांच्या कानांच्या उंचीवर आणि खुर्ची बरोबर मध्ये, म्हणजे संवाद पडद्याच्या मधोमध ऐकू येतात. खालचा बास थोडा कमी केला. कानाचं मशीन त्याआधीच बसवलं होतं, ते आधी. अ‍ॅम्प्लिफायर गेलेला कान परत आणत नाही.

अण्णांनी अ‍ॅडॉप्टर हातात घेऊन उलटा केला. “चोवीस गुणिले पाच. एकशेवीस. हां, हे हुतंय.” मगच पिन लावू दिली.

त्या रात्री जुना सिनेमा लावला. आईने मोजलं. अडीच तासांत चार वेळा.