मेरूचे धनुष्य आणि बांबूचा कमठा

पुण्याहून अहिल्यानगरकडे जाताना शिरूरच्या अलीकडे रांजणगाव लागते. अष्टविनायकांपैकी महागणपतीचे हे स्थान. त्रिपुरासुराशी लढण्यापूर्वी शंकराने येथे गणपतीची आराधना केली आणि मग एकाच बाणाने तिन्ही पुरे जाळली, अशी कथा सांगतात. पुराणांतले या युद्धाचे वर्णन मोठे भव्य आहे. पृथ्वीचा रथ, ब्रह्मदेव सारथी, मेरू पर्वताचे धनुष्य, वासुकी नागाची दोरी आणि बाणाच्या जागी साक्षात विष्णू!

देवाच्या धनुष्याला शाळेतल्या पदार्थविज्ञानाचे नियम लावावेत असे आम्ही म्हणणार नाही. पण माणसाने तसे धनुष्य केले तर बाण फार जोरात सुटणार नाही, एवढे मात्र नक्की. धनुष्य जितके भक्कम आणि जड तितका बाण वेगवान, अशी आपल्या सर्वांची सहज समजूत असते. ती निम्मीच बरोबर आहे. उरलेली निम्मी कशी चुकते, हे कारागिरांना हातांनी हजारो वर्षांपूर्वीच कळले होते. आकड्यांत ते मांडायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले.

लाकडी धनुष्याचा इतिहास लिहिण्यात एक मोठी अडचण आहे. लाकूड कुजते. रांजणगाव ज्या शिरूर तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले आणि सुमारे इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची वसाहत उजेडात आली. घरे, धान्य, रांजण, दफने, गारगोटीच्या जातीच्या दगडाची धारदार पाती असे पुष्कळ काही मिळाले. हरणांची हाडेही मिळाली, म्हणजे शेतीबरोबर शिकार चालूच होती. पण आपल्या काळ्या मातीत, वाळवीच्या आणि पावसाच्या तावडीत लाकडाची काठी तीन हजार वर्षे टिकत नाही. दगडी पाते उरते, बाणाची काडी आणि कमठा जातो. म्हणून भारतातला जुना धनुर्धर आपल्याला भेटतो तो मुख्यतः चित्रांत. विष्णु श्रीधर वाकणकर यांनी १९५७ साली शोधलेल्या भीमबेटकाच्या गुहांत असे कितीतरी तिरंदाज रंगवलेले आहेत.

डेन्मार्कचे नशीब याबाबतीत चांगले. तेथे होल्मेगार्डच्या दलदलीत १९४४ साली एल्म वृक्षाच्या लाकडाची सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीची धनुष्ये सापडली. चिखलात हवा पोहोचत नाही, त्यामुळे लाकूड टिकले. ही धनुष्ये ओबडधोबड नाहीत. मूठ अरुंद, तिच्या दोन्ही बाजूंना भुजा रुंद व सपाट, आणि टोकांकडे निमुळत्या. शिवाय धनुर्धराच्या विरुद्ध बाजूचा, म्हणजे पाठीचा पृष्ठभाग तासलेला नाही. सालीखालचा लाकडाचा थर अखंड ठेवला आहे. धनुष्य ओढले की पाठ ताणली जाते आणि पोटाची बाजू दाबली जाते. ताणलेल्या बाजूचे तंतू मध्येच कापले गेले असतील, तर तडा तेथूनच सुरू होतो. नऊ हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराला हे ठाऊक होते. अनुभवाने, आणि बहुधा बरीच धनुष्ये मोडून!

आपल्याकडचा लेखी पुरावा कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आहे. ताड, बांबू, लाकूड आणि शिंग अशा चार साहित्यांची धनुष्ये तेथे सांगितली आहेत. दोऱ्यांची यादी आणखी रंजक आहे: मूर्वा, रुई, ताग, गवेधु नावाचे गवत, बांबू आणि स्नायू. बांबूची दोरी? वाचणाऱ्याला नवल वाटेल. पण सातपुड्यातल्या भिल्लांच्या कमठ्याला दोरी असते ती बांबूच्याच चिवट पट्टीची. ग्रंथात नुसता शब्द म्हणून उरलेली वस्तू नंदुरबार जिल्ह्यात माणसांच्या हातात टिकून राहिली. ‘भिल्ल’ हे नाव धनुष्यवाचक द्राविडी शब्दावरून आले असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. कानडीत ‘बिल्लु’ आणि तमिळमध्ये ‘विल्’ म्हणजे धनुष्यच. आपल्या मराठीतही ‘तिरकमठा’ हा जोडशब्द आहेच.

लाकडाचीही एक खूण भाषेत उरली आहे. धामण म्हटले की विद्यार्थ्यांना साप आठवतो, पण धामण नावाचे झाडही सह्याद्रीत आहे. त्याचे लाकूड चिवट आणि लवचिक. हत्यारांचे दांडे, गाड्यांचे भाग यांसाठी ते वापरत. संस्कृतात या झाडाला ‘धन्वन’ आणि ‘धनुर्वृक्ष’ म्हणतात. झाडाचे नावच त्याचा उपयोग सांगते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. बाणाला वेग कशाने मिळतो?

धनुष्य ओढताना आपण जे कार्य करतो, ते वाकलेल्या लाकडात ऊर्जा म्हणून साठते. समजा, एका धनुष्याची ओढ पूर्ण ताणल्यावर १८ किलो, म्हणजे सुमारे १८० न्यूटन आहे आणि दोरी अर्धा मीटर मागे येते. बल शून्यापासून सारखे वाढत गेले असे धरले तर ऊर्जा १८० गुणिले ०.५ भागिले २, म्हणजे ४५ ज्यूल. बाण ३० ग्रॅमचा असेल आणि सगळी ऊर्जा त्यालाच मिळाली, तर त्याचा वेग सेकंदाला सुमारे ५५ मीटर व्हायला हवा.

प्रत्यक्षात तो तेवढा कधीच होत नाही. कारण दोरी सुटल्यावर नुसता बाण पुढे जात नाही, धनुष्याच्या दोन्ही भुजाही वेगाने पुढे झेपावतात. त्यांना हलवायलाही ऊर्जा लागते आणि ती बाणाच्या वाट्यातून जाते. पॉल क्लॉपस्टेग या अमेरिकन पदार्थवैज्ञानिकाने १९४३ साली ही गोष्ट सोप्या रीतीने मांडली. बाणाच्या वस्तुमानात आणखी एक काल्पनिक वस्तुमान मिळवायचे, जणू काही बाणाच्या पाठीवर एक अदृश्य ओझे आहे. आमच्या धनुष्याचे हे ओझे २५ ग्रॅम असेल तर वेग सेकंदाला ४० मीटर भरतो. ते १० ग्रॅमवर आणले तर ४७ मीटर. ओढ तीच, बाण तोच! हाच ४७ मीटरचा वेग केवळ ताकदीच्या जोरावर मिळवायचा म्हटले तर १८ किलोऐवजी २५ किलोची ओढ लागेल. आणि तेवढे जोरकस धनुष्य करायला भुजा जाड कराव्या लागतील, म्हणजे ओझे पुन्हा वाढणार. मेरू पर्वताची अडचण ती हीच.

हे ओझे कमी करायचे कोठून? टोकांकडून. मुठीजवळचे लाकूड जेमतेम हलते, टोके सर्वांत जास्त हलतात. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. त्यामुळे एखादा भाग टोकाच्या निम्म्या वेगाने हलत असेल, तर तेथला एक ग्रॅम टोकाच्या एका ग्रॅमच्या चौथा हिस्साच ऊर्जा खातो. निमुळती टोके म्हणूनच कामाची. दोरीचेही तेच. तिच्या वस्तुमानाचा सुमारे एक तृतीयांश भाग बाणावर लादला जातो, आणि दोरी ताणणारी असेल तर थोडी ऊर्जा तिच्यातच अडकते. हलकी आणि न ताणणारी दोरी हवी. भिल्लांची बांबूची पट्टी ताणत नाही, हे येथे लक्षात घ्यावे.

भुजेचा आडवा छेद कसा असावा, यावरही बराच वाद झाला. इंग्रजांचे प्रसिद्ध लांब धनुष्य यू वृक्षाच्या लाकडाचे. त्याच्या भुजा अरुंद आणि जाड, पोटाच्या बाजूने गोलसर. १५४५ साली बुडालेले ‘मेरी रोझ’ हे जहाज १९८२ मध्ये वर काढले. त्याच्यावरची दीडशेहून अधिक धनुष्ये मिळाली आणि त्यांची ओढ ४५ ते ८० किलोंच्या घरात असावी, असा अंदाज निघाला. आजच्या बहुतेकांना ते धनुष्य अर्धेही ओढता येणार नाही. यू लाकूड दाब असामान्य सोसते म्हणून हा आकार त्याला चालला. इतर लाकडांना तो मानवत नाही. बेल प्रयोगशाळेतले क्लॅरेन्स हिकमन यांनी १९३० च्या दशकात मोजमापे घेऊन दाखवले की रुंद, सपाट, आयताकृती छेदाच्या भुजेत लाकडाचा वापर अधिक चांगला होतो. (हेच हिकमन १९१८ साली रॉबर्ट गोडार्ड यांच्याबरोबर अग्निबाणांवर काम करत होते. बाण आणि अग्निबाण हा योगायोग आम्हाला फार आवडतो.) कारण असे: जाडी दुप्पट केली तर ताठपणा आठपट होतो, पण पृष्ठभागावरच्या तंतूंना त्याच बाकात दुप्पट ताण सोसावा लागतो. रुंदी दुप्पट केली तर ताठपणा दुप्पटच होतो, ताण मात्र वाढत नाही. होल्मेगार्डच्या कारागिराने हिकमनचा निबंध वाचला नव्हता, तरी त्याच्या भुजा रुंद आणि सपाटच होत्या.

पोटाकडचे तंतू दाबाखाली चिरडले की दोरी उतरवल्यावरही धनुष्य थोडे वाकलेलेच राहते. लाकडाने बाक धरला, असे म्हणू. असे धनुष्य आळशी होते. ओलसर लाकडाचेही तेच होते. म्हणून चांगला कारागीर लाकूड महिनोन्‌महिने सावलीत वाळवतो आणि दोन्ही भुजा सारख्या वाकतात का, हे पुन्हा पुन्हा पाहत थोडे थोडे तासतो. एका ठिकाणी जास्त तासले गेले की सगळा बाक तेथेच गोळा होतो.

मग शिंग आणि स्नायू चिकटवून केलेली तुर्की-मोगल धनुष्ये अधिक वेगवान असताना आपल्या जंगलांत बांबूच का राहिला? एक कारण पावसाळा. त्या धनुष्यांचा सरस दमट हवेत सैल पडतो. हिंदुस्थानात पोलादी धनुष्येही झाली. ती हवामानाला दाद देत नसत, पण पोलाद जड, त्यामुळे बाण मंद. बांबू मोडला तर दुसरा रानातच उभा असतो.

शिवाय वेग हेच सर्वस्व नाही. वरच्या २५ ग्रॅम ओझ्याच्या धनुष्याने ३० ग्रॅमऐवजी ६० ग्रॅमचा बाण सोडला तर वेग ४० वरून साडेबत्तीसवर उतरतो. पण बाणाला मिळणारी ऊर्जा २४.५ ज्यूलवरून जवळजवळ ३२ ज्यूल होते. जड बाण ओझ्यापेक्षा मोठा वाटा उचलतो. नेआर्खसच्या आधाराने एरियनने लिहिले आहे की हिंदी पायदळाचे धनुष्य माणसाएवढे उंच असे, ते जमिनीवर टेकवून डाव्या पायाने दाबत, आणि बाण तीन हातांच्या जवळपास लांब असे. असा बाण हलका नसणार. शिकाऱ्यालाही लांब जाणारा बाण नको असतो, आत जाणारा हवा असतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ही शिकार गुन्हा ठरली, आणि त्याबरोबर कमठा करण्याचे रोजचे कारणही संपले. तो आता मिरवणुकीत, खेळात आणि ‘इंडियन राउंड’ या स्पर्धेत दिसतो. तेथील बांबू-लाकडाची धनुष्ये मात्र मोजण्यासारखी आहेत. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या शिक्षकांच्या वर्गात तर ती करणाऱ्यांची नातवंडे बसलेली असतील.

मोजणे अवघड नाही. कमठा मुठीपाशी भिंतीवरच्या खुंटीत पक्का अडकवा, दोरीला स्प्रिंगकाटा लावा आणि दर ५ सेंटिमीटरला वाचन घ्या. ओढ आणि अंतर यांचा आलेख काढून त्याखालचे चौकोन मोजले की साठलेली ऊर्जा मिळते. मग काटा लावूनच दोरी हळूहळू परत सोडत वाचने घ्या. परतीची रेषा थोडी खाली येईल. दोन रेषांमधले क्षेत्रफळ म्हणजे लाकडाने गिळलेली ऊर्जा. नव्या, वाळलेल्या आणि बाक धरलेल्या कमठ्यांचे आलेख शेजारी शेजारी काढले तर फरक मुलांना डोळ्यांनी दिसेल. ओढणाऱ्याच्या समोर कोणी उभे राहू नये. आणि बाण न लावता ताणलेली दोरी कधीही एकदम सोडू नये. बाण नसला की ती ४५ ज्यूल ऊर्जा जायला दुसरी जागा नसते. ती भुजांमध्येच राहते आणि कमठा मोडतो.