धूर निवळल्यानंतर: एका शनिवारचा घटनाक्रम

हे घर कल्पित आहे, पण घटनांचा क्रम खरा आहे. कोळशाच्या वायूने होणारे अपघात बहुधा अशाच पायऱ्यांनी घडतात आणि यातली एकही पायरी त्या त्या वेळी वेडेपणाची वाटत नाही. ठिकाण अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातलं सेंट लुईस, महिना ऑक्टोबर. नवरा-बायको मराठी, मुलगी सात वर्षांची. संध्याकाळी मित्रमंडळी जेवायला येणार आहेत.

सकाळी 10:30. पंधरा तास बाकी

मांस धुरावर शिजवायचा स्मोकर घरीच बनवलेला आहे. एक छोटा पत्र्याचा पिंप, तळाशी हवेसाठी तीन छिद्रं, आत कोळशाची जाळीदार टोपली, वर मांसाची जाळी आणि झाकणाला धूर जायला एक भोक. झाकण घट्ट बसत नाही, कडेने फट राहते. तिच्याकडे आज कुणाचंच लक्ष नाही.

डुकराच्या बरगड्यांना या शहराचंच नाव आहे. टोकाकडची कूर्चा कापून पट्टा चौकोनी केला, की तो ‘सेंट लुईस कट’. नवरा हाडांच्या बाजूचा पातळ पडदा सुरीच्या टोकाने उचलतो आणि कागदी रुमालात धरून एका ओढीत सोलून काढतो. मग मीठ, मिरपूड, पाप्रिका आणि ब्राउन शुगर चोळतो.

सकाळी 11:30. चौदा तास

निखाऱ्यांवर पांढरी राख धरली आहे. हिकरीच्या लाकडाचे दोन तुकडे टाकल्यावर आधी दाट पांढरा धूर येतो, मग तो विरळ आणि निळसर होतो. जाणकार याच धुराची वाट बघतात, कारण दाट धुराने मांस कडू होतं.

आता नीट पाहण्यासारखी गोष्ट घडते. आतलं तापमान 110 अंश सेल्सियसच्या आसपास ठेवायचं म्हणून नवरा दोन छिद्रं बंद करतो. मंद आचेवर तासन्‌तास शिजवायचं, तर निखाऱ्यांना हवा कमीच द्यावी लागते. पण पुरेसा ऑक्सिजन न मिळालेला कोळसा कार्बन मोनॉक्साइड सोडतो. म्हणजे स्मोकर जितका शिस्तीत चालतो, तितका हा वायू तयार होत राहतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि तो डोळ्यांना झोंबत नाही. परसात वारा आहे, तोवर कुणाला काही होत नाही.

दुपारी 2:30. अकरा तास

तीन तास धूर, दोन तास फॉइलमध्ये, एक तास उघड्यावर सॉस लावून, हा इथला लोकप्रिय हिशेब. फॉइलमध्ये गुंडाळण्याआधी टोकाचा एक तुकडा कापून बघितला, तर कडेला गुलाबी पट्टा दिसतो. खवय्ये त्याला ‘स्मोक रिंग’ म्हणतात. धुरातले नायट्रिक ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड मांसातल्या मायोग्लोबिनला चिकटतात आणि तो रंग शिजल्यावरही टिकतो.

मायोग्लोबिन हे रक्तातल्या हिमोग्लोबिनचं जवळचं भावंड. हिमोग्लोबिनलाही कार्बन मोनॉक्साइड चिकटतो, आणि ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट.

दुपारी 4. साडेनऊ तास

छोट्या पिंपाची टोपली छोटी, त्यामुळे आच उतरते. नवरा टोपली पुन्हा कोळशाने भरतो. तासाभरातच पाऊस येतो. मित्र हात लावतात आणि पिंप गॅरेजच्या उघड्या दाराशी आणतात. दार उघडं असलं तरी हे चूकच. वारा आत वळला की वायूही आत वळतो. पण आज त्याने कुणाला त्रास होत नाही, आणि तिथेच ‘गॅरेजमध्ये चालतं’ हा समज पक्का होतो.

संध्याकाळी 6. साडेसात तास

बरगड्या उत्तम झाल्या आहेत. चिमट्याने उचलल्या की पट्टा वाकतो आणि वरच्या थराला चिरा पडतात. मांस हाडावरून सहज सुटतं, पण गळून पडत नाही. कोलॅजन विरघळायला लागणारा वेळ मिळाला, की असं होतं.

रात्री 8. साडेपाच तास

उरलेला कोळसा पुढच्या वेळी वापरता येईल म्हणून नवरा सगळी छिद्रं बंद करतो. विकतचा घट्ट झाकणाचा स्मोकर असा विझतो, तरी त्यालाही काही तास लागतात. या पिंपाला फट आहे. चार वाजता घातलेला बराचसा कोळसा शिल्लक आहे आणि तो राखेखाली धुमसत राहतो. हिकरी केव्हाच जळून गेली, त्यामुळे धूर नाही. धोक्याची आठवण करून देणारं तेवढंच होतं.

रात्री 9:30. चार तास

पाहुणे गेले. गारठा वाढला, पाऊस तिरपा येतोय. पिंप दोन फूट आत ढकलला जातो आणि गॅरेजचं दार खाली येतं. सगळ्या घटनाक्रमात टाळायची एकच गोष्ट निवडायची, तर ही. पिंप पावसात भिजला असता तर फार तर गंजला असता.

आपल्याकडेही हिवाळ्यात, विशेषतः उत्तर भारतातून, बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्यांच्या मृत्यूच्या बातम्या येतात. वायू तोच.

रात्री 11. अडीच तास

झोपायची खोली गॅरेजच्या वर आहे. घरात हीटर सुरू. गरम हवा वर चढते आणि तिच्या जागी खालची हवा ओढली जाते, दाराच्या फटीतून, छतातल्या भोकांतून. गॅरेजची हवा अशीच वर येते.

“डोकं ठणकतंय रे माझं,” बायको म्हणते.

“दिवसभर धुरात होतो ना आपण. झोप आता.”

रात्री 12:15. सव्वा तास

मुलीला उलटी होते. बरगड्या बाधल्या असतील, असं दोघांनाही वाटतं. कोरोनाच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर तिच्या बोटाला लावतात. आकडा येतो 98. साध्या ऑक्सिमीटरला ऑक्सिजन धरलेलं हिमोग्लोबिन आणि हा वायू धरलेलं हिमोग्लोबिन यातला फरक कळत नाही. घरात एकाहून जास्त जणांना एकाच वेळी त्रास होतोय आणि बाहेर गेलं की बरं वाटतं, ही खरी खूण. पण पावसात बाहेर कोण जाणार?

वीस-तीस डॉलरचा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या खोलीबाहेर असता, तर तो एव्हाना वाजला असता. 70 पीपीएमला तो एक ते चार तासांत वाजतो आणि 400 पीपीएमला पाव तासाच्या आत.

रात्री 1:30

बायको पाणी प्यायला उठते आणि दोन पावलांत गुडघ्यांतून खाली बसते. नवऱ्याला हाक ऐकू येते, पण ओ देता येत नाही. ती 911 लावते, पत्ता दोनदा चुकते, तिसऱ्यांदा बरोबर सांगते.

रुग्णालयात मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन सुरू होतो. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण दीड तास. नवरा बेशुद्ध असल्याने त्याला उच्च दाबाच्या ऑक्सिजन कक्षात न्यायचं ठरतं. शुद्धीवर आलेल्या रुग्णालाही त्यानंतर काही आठवडे जपावं लागतं, कारण विसराळूपणा, स्वभावातला बदल, चालताना जाणारा तोल हे कधी कधी घरी आल्यावर, सगळं निभावलं असं वाटत असताना सुरू होतं.