पावणेचौदा वर्षांचा गृहस्थ

इंग्रजी विनोदी वाङ्मयात शाळकरी मुलगा हा दीर्घकाळ मोडतोड करणारा प्राणी म्हणून वावरला आहे. रिचमल क्रॉम्प्टन या लेखिकेचा विल्यम १९२२ मध्ये पुस्तकरूपाने अवतरला. त्याच्या उपद्व्यापांतून हास्य निर्माण होते ते भोवतालचे मोठ्यांचे जग शाबूत असते म्हणून. काच फुटते, पण ती पुन्हा बसवून देणारा बाप घरात असतो. १९५३ मध्ये जेफ्री विलन्स आणि रोनाल्ड सर्ल यांनी उभा केलेला नायजेल मोल्सवर्थ अधिक कडवट आहे आणि त्याचे शुद्धलेखन अधिक भ्रष्ट आहे. मात्र त्याची खाजगी निवासी शाळा कितीही हास्यास्पद असली, तरी ती कोसळणार नाही याची खात्री त्यालाही असते आणि वाचकालाही. सू टाऊनसेंड (१९४६–२०१४) यांच्या ‘द सीक्रेट डायरी ऑफ एड्रियन मोल, एज्ड थर्टीन अँड थ्री क्वार्टर्स’ (१९८२) या कादंबरीने हा संकेतच उलटा केला. येथे मोडतोड मोठी माणसे करतात आणि नियम पाळण्याची धडपड मुलगा करतो.

हा नायक प्रथम नभोनाट्यातून आला. जानेवारी १९८२ मध्ये बीबीसीच्या रेडिओ ४ वरून ते प्रसारित झाले, तेव्हा त्याचे नाव नायजेल मोल होते आणि वय सव्वातेरा. मोल्सवर्थशी होणारे नामसाम्य टाळण्यासाठी पुस्तकात नायजेलचा एड्रियन झाला. वरवर पाहता ही प्रकाशनव्यवहारातील किरकोळ तडजोड. परंतु तिच्यामुळे दोन मुलांमधील सामाजिक अंतर अभावितपणे ठळक होते. मोल्सवर्थ फी भरून शिकणाऱ्या वर्गाचा, तर एड्रियन सर्वांना खुल्या असलेल्या सरकारी कॉम्प्रिहेन्सिव्ह शाळेचा. या शाळेला चंद्रावर उतरलेल्या नील आर्मस्ट्राँगचे नाव दिलेले आहे, आणि तिथल्या मुलांसमोर नोकऱ्या नाहीत! स्वतः टाऊनसेंड लेस्टरच्या श्रमिक वस्तीत वाढल्या, पंधराव्या वर्षी शाळेबाहेर पडल्या आणि तीन मुलांना एकटीने वाढवीत असताना लपूनछपून लिहीत राहिल्या. एड्रियनच्या घरातील टंचाईचे तपशील इतके नेमके का आहेत, हे यावरून लक्षात यावे.

एड्रियनची दैनंदिनी १ जानेवारी १९८१ रोजी सुरू होते आणि एप्रिल १९८२ मध्ये थांबते. या पंधरा महिन्यांत त्याची आई शेजारच्या लुकसबरोबर शेफील्डला निघून जाते. वडिलांची नोकरी सुटते व ते दिवसचे दिवस नुसते पडून राहतात. मुलगा मात्र शाळेच्या समाजसेवा गटात नाव घालतो. त्याच्या वाट्याला बर्ट बॅक्स्टर हा नव्वदीच्या घरातला, फटकळ, कम्युनिस्ट म्हातारा येतो, आणि त्याच्या सेबर नावाच्या कुत्र्यासकट त्याची सगळी उस्तवार एड्रियनच्या गळ्यात पडते. स्वतःला विचारवंत समजणारा हा पोरगा ‘ॲनिमल फार्म’ वाचल्यावर डुकराच्या मांसावर बहिष्कार टाकतो. खोलीतील बालिश भित्तिपत्र काळ्या रंगाने पुसू पाहतो, तर त्यावरच्या नॉडीच्या टोपीचे घुंगरू रंगातून पुन्हा पुन्हा डोकावते. हा केवळ फजितीचा प्रसंग नव्हे. बालपण झाकू पाहणाऱ्या मुलाच्या घरात मोठे होण्याची जागा रिकामी पडली आहे आणि ती भरण्याइतके त्याचे वय झालेले नाही, हे सारे त्या घुंगरात आले आहे.

समीक्षकांनी या विनोदाचे आलंबन बहुधा किशोरवयीन अहंमन्यतेत शोधले. ते चुकीचे नाही. स्वतःच्या क्षुद्रतेची जाणीव नसलेला दैनंदिनीकार ही ग्रोस्मिथ बंधूंच्या ‘द डायरी ऑफ अ नोबडी’ (१८९२) पासूनची परंपराच आहे. तथापि त्या पुस्तकातील पूटर प्रौढ, नोकरदार व सुरक्षित आहे. त्याच्या गैरसमजांची किंमत फार तर त्याच्या प्रतिष्ठेला मोजावी लागते. एड्रियनच्या गैरसमजाआड मात्र संसार विस्कटत असतो. आई जर्मेन ग्रीअरचा ‘द फीमेल युनक’ वाचते. मुलाच्या नोंदीत त्याचा परिणाम घरकामाच्या आबाळीतून उमटतो. स्त्रीमुक्तीवरचा हा स्वस्त टोमणा असे कुणी म्हणेल. पण निवेदक तेरा वर्षांचा आहे आणि जेवण वेळेवर मिळावे ही त्याची अपेक्षा अवास्तव नाही. आईचा घुसमटून बाहेर पडण्याचा हक्क आणि मुलाची सेवेची भूक यांत न्यायनिवाडा करण्याचे टाऊनसेंड नाकारतात. कादंबरीची खरी ताकद या नकारात आहे. पुढील भागांत हा तोल सर्वत्र टिकलेला नाही.

राजकीय संदर्भही असाच नोंदींच्या कडेने येतो. मार्गारेट थॅचर १९७९ मध्ये सत्तेवर आल्या. जानेवारी १९८२ मध्ये ब्रिटनमधील नोंदणीकृत बेकारांची संख्या तीस लाखांपलीकडे गेली. मुख्याध्यापकांच्या दालनातील थॅचरबाईंच्या तसबिरीला कोणीतरी मिशा काढतो आणि तोच आकडा लिहून ठेवतो. लाल मोजे घालून गणवेशाविरुद्ध झालेले शाळकरी बंड हे त्याच वातावरणाचे लघुरूप होय. राज्यसंस्था आपल्या जबाबदाऱ्यांतून अंग काढून घेत असताना ‘स्वावलंबन’ हा शब्द सार्वजनिक भाषेत प्रतिष्ठा पावत होता. एड्रियन तो शब्द अक्षरशः अंमलात आणतो. म्हणून तो हास्यास्पद दिसतो, आणि म्हणूनच त्याच्या हास्यास्पदतेचा रोख त्याच्यावर स्थिरावत नाही.

कुमार वाङ्मय अशी चिठ्ठी डकवून पुढे हे पुस्तक शाळांत पोहोचले. त्यामुळे त्याला वाचक लाभला, परंतु वयात येण्याच्या गमतीजमती एवढेच त्याचे स्वरूप उरले. २ एप्रिल १९८२ रोजी अर्जेंटिनाने फॉकलंड बेटांवर सैन्य उतरवले. तो एड्रियनचा पंधरावा वाढदिवस. बातमी ऐकून त्याचा बाप बिछान्यातून ताडकन उठतो, कारण ही बेटे स्कॉटलंडच्या किनाऱ्यालगत आहेत असा त्याचा समज असतो. घरात नकाशा पसरला जातो तेव्हा ती बेटे केकच्या चुऱ्याखाली सापडतात. त्याच सुमारास एड्रियन अनुभवासाठी म्हणून खेळण्यातील विमानाचा गोंद हुंगून पाहतो, आणि नाकाला चिकटलेल्या विमानासह त्याला इस्पितळ गाठावे लागते.