हिशेब तपासणारा कोणी नेमायचा?

लहरीपुरा दरवाज्यातून आत शिरून मांडवीकडे जाणाऱ्या रस्त्याला हिशेब नवा नाही. दिवाळीला इथे लाल बासनातले चोपडे पूजेला मांडतात. लिहिणाऱ्याने लिहावं, तपासणाऱ्याने तपासावं, आणि ही दोन माणसं वेगळी असावीत, हे कुठल्याही पेढीवरच्या पोराला कळतं. पण पेढी सोडून राज्याकडे पाहिलं की प्रश्न अवघड होतो. राज्याचा चोपडा तपासायला माणूस नेमायचा कोणी? ज्याचा हिशेब त्यानेच?

अमेरिकेने याचं उत्तर सरळ मतपेटीत शोधलं. 1837 च्या आर्थिक घसरणीनंतर तिथल्या कित्येक राज्यांचे हाल झाले. कालव्यांसाठी, बँकांसाठी वारेमाप कर्ज काढलेलं, पेन्सिल्व्हेनियासारख्या श्रीमंत राज्यालाही 1842 मध्ये व्याज देता आलं नाही. लोकांचा आमदारांवरचा विश्वास उडाला. मग न्यूयॉर्कने 1846 च्या राज्यघटनेत हिशेबाचा मुख्य अधिकारी मतदारांनी निवडायचा ठरवला. पेन्सिल्व्हेनियात 1850 पासून ऑडिटर जनरलची निवडणूक होऊ लागली, मॅसॅच्युसेट्सने 1855 मध्ये तेच केलं. आजही तिथल्या बऱ्याच राज्यांत राज्यपालासारखाच ऑडिटरही पक्षाच्या तिकिटावर उभा राहतो, प्रचार करतो, निवडून येतो. त्यातली गोम अशी की तो पुढच्या खुर्चीवरही डोळा ठेवू शकतो. पेन्सिल्व्हेनियाचे ऑडिटर जनरल बॉब केसी पुढे त्याच राज्याचे राज्यपाल झाले. यात गैर काही नाही, पण आज ज्याची वही तपासायची त्याच्याच जागेवर उद्या बसायचं असेल, तर लाल पेन जरा जास्त चालेल किंवा जरा कमी.

आपल्याकडे, म्हणजे मराठी राज्यात, उत्तर वेगळं होतं. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांतला मुजुमदार, 1674 च्या राज्याभिषेकानंतर ज्याला अमात्य म्हणू लागले, तो जमाखर्चाचा धनी. पुढे पेशवाईत दरखदार आले: मुजुमदार, फडणीस, सबनीस, पोतनीस वगैरे. मामलेदाराच्या कचेरीत बसूनही ही माणसं मामलेदाराची नव्हेत. त्यांची नेमणूक वरून, हक्क वंशपरंपरेचा, आणि मामलेदाराला त्यांना काढता येत नसे. त्याने मनमानी केली तर वर कळवायचं, हेच त्यांचं काम. मला ही रचना फार शहाणपणाची वाटते. मतदान नाही, लोकांना विचारणं नाही, पण एक गोष्ट पक्की ओळखलेली: ज्याच्यावर नजर ठेवायची, त्याच्या हातात आपली भाकरी असता कामा नये.

बडोद्यात मुजुमदार, फडणीस ही नुसती आडनावं नव्हती, गायकवाडांच्या दरबारातले ते मानकरी. पण वंशपरंपरेला कीड लागते. बाप जागरूक म्हणून मुलगा जागरूक असेलच असं नाही. काम सुटतं, मान राहतो, नेमणूक चालू राहते. मल्हारराव गायकवाडांच्या काळात सोन्याच्या तोफा ओतल्या गेल्या, तेव्हा ‘सरकार, हा खर्च कुठल्या खात्यावर?’ असं विचारायची कोणाची छाती होती? दादाभाई नौरोजी 1874 मध्ये दिवाण म्हणून आले, कारभार सुधारायची खटपट केली, आणि 1875 च्या जानेवारीत राजीनामा देऊन मोकळे झाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये इंग्रजांनी मल्हाररावांना गादीवरून काढलं. हिशेब अखेर तपासला गेला, पण तो परक्याने, आणि त्याच्या सोयीने.

नंतर टी. माधवराव आले, सयाजीराव आले, कारभाराची घडी बसली. पगारी अधिकारी, अकौंटंट जनरलची कचेरी, दरवर्षी छापला जाणारा प्रशासन अहवाल. सयाजीराव 1906 मध्ये अमेरिकेला गेले. तिथली सार्वजनिक वाचनालयं त्यांना इतकी आवडली की 1910 मध्ये त्यांनी बॉर्डन नावाचा ग्रंथपालच बडोद्याला आणला. वाचनालय आणलं, निवडून येणारा ऑडिटर नाही आणला. राजा तो, किती आणणार! 1908 च्या सुमारास धारासभा सुरू झाली खरी, पण ती सल्ला देण्यापुरती. गंमत पाहा, त्याच 1908 मध्ये मांडवीत बँक ऑफ बडोदा उभी राहिली. भागधारकांनी वार्षिक सभेत हिशेबतपासनीस ठरवायचा, ही कंपनीची रीत. म्हणजे शेअर घेतला तर तपासनीस कोण यावर हात वर करता येतो, नुसती प्रजा असलात तर नाही.

याच राज्याच्या अकौंटंट जनरलच्या कचेरीत 1917 मध्ये एक उमेदवार काम शिकायला बसला होता. कोलंबियात आणि लंडनमध्ये अर्थशास्त्र शिकून आलेला, सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर. नाव भीमराव रामजी आंबेडकर. गावात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून ते एका पारशी विश्रामगृहात उतरले, पण काही दिवसांतच काठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं. दोन मित्रांकडे गेले, दोघांनीही टाळलं. मग सार्वजनिक बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला गेले. बडोद्याने हा माणूस असा घालवला. आम्ही बडोदेकर सयाजीरावांच्या गोष्टी हौसेने सांगतो, त्यात ही गोष्टही सांगायला हवी. आंबेडकरांनी मात्र प्रांतिक अर्थकारणावरचा आपला 1925 चा ग्रंथ सयाजीरावांनाच अर्पण केला.

1 मे 1949 ला बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. त्याच महिन्यात, 30 मे रोजी, घटना समितीत महालेखापरीक्षकाच्या कलमावर चर्चा होती. आंबेडकर उभे राहिले आणि म्हणाले, अशा अर्थाचं म्हणाले, की हा बहुधा घटनेतला सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे, आणि त्याला न्यायाधीशांइतकं तरी स्वातंत्र्य हवं. तेच कलम 148. निवडणूक नाही. राष्ट्रपती नेमतात, म्हणजे व्यवहारात सरकारच नेमतं. पण नेमल्यावर हात बांधलेले: सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला काढतात तसंच त्याला काढता येतं, पगार कमी करता येत नाही, आणि निवृत्तीनंतर त्याला कुठलंच सरकारी पद घेता येत नाही. केसींचा रस्ता इथे निम्मा तरी बंद केलेला आहे. दरखदाराचं शहाणपण राहिलं, त्याचं वतन गेलं.

आमच्या जैन समाजात देवद्रव्याचा दंडक कडक. देवाच्या नावाने आलेला पैसा दुसऱ्या कामाला लावायचा नाही, काम कितीही चांगलं असो. लहानपणी मला तो हट्ट वाटे. आता वाटतं, सार्वजनिक पैशाची पहिली व्याख्या हीच: हातात आहे, पण आपला नाही. आणि ज्याच्या हातात आहे तो कितीही सज्जन असो, वही दुसऱ्याने पाहायची. त्यात त्याचा अपमान नाही.

राज्याचा तपासनीस निवडायला आपल्याला मत नाही. शहराचा मात्र एक पायरी अलीकडे आहे. 1949 च्या महानगरपालिका कायद्यात मुख्य लेखापरीक्षक महापालिकेने, म्हणजे आपण निवडलेल्या नगरसेवकांच्या सभेने नेमायचा, आणि त्याने आठवड्याच्या आठवड्याला हिशेब तपासून स्थायी समितीला कळवायचं, असं लिहिलेलं आहे. तेव्हा मतं मागायला माणसं लहरीपुऱ्यात येतील, रस्ता, पाणी, गटार सगळं बोलतील, त्यांना चहा द्यावा आणि एवढंच विचारावं: ‘भाऊ, ऑडिटरचे शेरे शेवटचे कधी वाचलेत?’