भाजलेल्या अंगावरचे उसने पांघरूण

स्वयंपाकघर हे गृहिणीचे राज्य खरे. पण त्याच राज्यात विस्तवही नांदतो. पदराने पेट घेतला, कढईतले तेल अंगावर सांडले, अशा बातम्या आपण ऐकतो, हळहळतो आणि विसरतो. ज्या भगिनीची कातडी जळून गेली तिचे पुढे काय होते, हे मात्र आपणांस फारसे ठाऊक नसते.

त्वचा हे शरीराचे कुंपण होय. ते जळाले की अंगातील पाणी पाझरून जाते, ऊब टिकत नाही आणि रोगजंतूंना मोकळी वाट मिळते. रोग्याच्याच मांडीची पातळ कातडी जखमेवर लावणे हा उत्तम उपाय. परंतु निम्म्याहून अधिक अंग भाजले असेल तर तेवढी कातडी आणावयाची कोठून? म्हणून शस्त्रवैद्य प्राण्यांकडे वळले. १९६५ मध्ये अमेरिकेत ब्रॉमबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी डुकराची कातडी तात्पुरते आच्छादन म्हणून वापरल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. तिने वेदना कमी होत, पाझर आटोक्यात येई. पण परकी कातडी शरीर आपली मानीत नाही. ती काही दिवसांनी काढावीच लागे.

पुढे बोस्टन येथील शस्त्रवैद्य जॉन बर्क आणि शास्त्रज्ञ आयोनिस यानस यांनी दोन पदरी ‘कृत्रिम त्वचा’ तयार केली. तिचा उपयोग ५० ते ९५ टक्के भाजलेल्या दहा रोग्यांवर केल्याचे त्यांनी १९८१ मध्ये जाहीर केले. वर सिलिकोनचा पापुद्रा, खाली सच्छिद्र जाळी. त्या जाळीत रोग्याच्या स्वतःच्या पेशी व रक्तवाहिन्या शिरून नवा थर धरीत. मग पापुद्रा उचलून स्वतःची अगदी पातळ कातडी लावावयाची. शोध मोठाच होता. पण ती जाळी गाईच्या स्नायुबंधातील व शार्क माशाच्या कूर्चेतील द्रव्यांची! नाव कृत्रिम, मूळ प्राण्याचेच. धर्माची व आहाराची बंधने पाळणाऱ्या घरांना हा प्रश्न लहान नाही; अंगावर काय लावले जात आहे, हे विचारण्याचा रोग्याला अधिकार आहे.

हा धागाही अखेर तुटला. ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथे शस्त्रवैद्य जॉन ग्रीनवुड यांनी पॉलियुरेथेनचा सुमारे दोन मिलिमीटर जाडीचा स्पंज वापरात आणला. त्यात प्राण्याचा अंशही नाही. जंतूंच्या हल्ल्यात तो अधिक तग धरतो आणि काम झाल्यावर अंगातच सावकाश विरून जातो. तरीही शेवटचा थर रोग्याच्या स्वतःच्या कातडीचाच लागतो. शिवाय अशा वस्तूंची किंमत गरिबाच्या आवाक्याबाहेरची.

येथे आपल्या मुंबईची आठवण अभिमानाने काढावी लागेल. वाडिया बालरुग्णालयातील डॉ. केसवानी यांनी १९८५ मध्ये उकडलेल्या बटाट्याच्या सालींच्या पट्टीचा प्रयोग प्रसिद्ध केला. साली कापडावर बसवून, निर्जंतुक करून, फार खोल नसलेल्या जखमांवर लावीत. जखम ओलसर राही आणि पट्टी बदलताना चिकटत नसे. अर्थात हा घरी करावयाचा उपाय नव्हे. घरी करावयाचे ते एवढेच : भाजल्याबरोबर वीस मिनिटे वाहते गार पाणी, वर स्वच्छ कापड आणि तडक रुग्णालय.

प्रयोगशाळेतील स्पंज असो की आपण रोज केरात टाकतो ती साल, दोन्हींमागे तळमळ एकच : ज्याचे कुंपण जळाले, त्याला ते पुन्हा उभे राहीपर्यंत उघड्यावर ठेवावयाचे नाही.