घंटांच्या मागावर

आमच्या वसईत घंटांची गोष्ट ठाऊक नसलेलं ख्रिस्ती घर विरळाच. मे १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, दोनशे वर्षांची पोर्तुगीज फिरंग्यांची सत्ता संपली आणि आमच्या देवळांच्या, म्हणजे चर्चच्या, घंटा विजयाची खूण म्हणून देशावर गेल्या. आजीच्या गोष्टीत त्या हत्तींच्या पाठीवरून निघायच्या. “लेकी सासरी गेल्या,” ती म्हणायची. आजोबा सुपारी कातरता कातरता तिला तोडायचे, “लेकीला आपण पाठवतो गं. ह्या ओरबाडून नेल्या.”

दोघं गेल्यावर मी त्या सासरांची यात्रा केली. नाशिकला गोदेकाठी, नारोशंकराच्या देवळावरच्या घंटेवर १७२१ साल आहे. भीमाशंकरच्या घंटेवर १७२९. ज्योतिर्लिंगाच्या दर्शनाला आलेली गर्दी तिच्या बाजूनं पुढे सरकत होती आणि मी एकटाच तिच्यासमोर थांबलो होतो.

सगळ्यात जास्त रेंगाळलो ते वाईजवळ मेणवलीला. नाना फडणविसांच्या वाड्यामागे कृष्णेचा घाट आहे. तिथं काळ्या दगडाच्या छोट्याशा वास्तूत १७०७ची घंटा टांगलेली आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मारियामाता उठावात कोरली आहे. मी मनातल्या मनात ‘नमो मरिया’ म्हटलं. शेजारी एका आजींनीही हात जोडले आणि विचारलं, “तुमचा काय नवस?” काय सांगणार? “भेटायला आलोय,” म्हटलं. त्यांना ते पुरलं.

वसईच्या किल्ल्यात आज सेंट जोसेफच्या मनोऱ्याखाली उभं राहिलं की वर आकाश दिसतं. छपरं केव्हाच कोसळली. फ्रान्सिस्कनांच्या देवळात पायाखाली थडग्यांच्या शिळा तेवढ्या उरल्यात. घंटा इथंच राहिल्या असत्या तर कुठल्याशा भट्टीत वितळल्या असत्या, असं वाटतं. सासरी त्या नांदल्या. आजोबांची तक्रार खरी होती, पण आजीचा शब्दही खोटा ठरला नाही.

एवढ्यावर यात्रा संपली असती, तर मी खूष होऊन घरी आलो असतो. पण त्यानंतर बोरिवलीच्या मंडपेश्वराला गेलो. ही शंकराची लेणी सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी ताब्यात घेतली आणि आत देऊळ थाटलं. जुनं शिल्प छिलून त्या भिंतीवर मोठा क्रूस कोरला. तो अजून तिथं आहे. आज लेण्यात पुन्हा शंकराची पूजा चालते. फिरंग्यांच्या राज्यात हिंदूंची देवळं पाडली गेली, त्यांच्या पूजाअर्चेवर बंदी आली. मराठ्यांच्या मोहिमेमागे तो रागही होता. आमच्या ओसरीवर यातलं अक्षर कधी निघालं नाही. आजोबांना घंटांच्या वाटा तोंडपाठ होत्या. त्या ज्या मनोऱ्यांत वाजायच्या, त्यांच्या राज्यकर्त्यांनी शेजाऱ्यांचं काय नेलं, हे त्यांच्या गोष्टीत नव्हतं. आजीच्या हत्तींनाही ते ओझं कधी वाहावं लागलं नाही.

गावातली पोरं आता म्हणतात, आम्हालाही मेणवलीला न्या. नेईन. पण गाडी आधी मंडपेश्वराला थांबेल. आपल्या घंटेपुढे डोळे भरून येणं सोपं आहे. त्या छिललेल्या भिंतीसमोर उभं राहिल्याशिवाय मेणवलीला हात जोडायचा हक्क आम्हाला मिळत नाही.